सल्ला घ्यावा, कारणही द्यावे

घाटावरच्या खाणावळीत पानात पडणारा बांगडा बहुधा कारवारकडून घाट चढून येतो. तो कोणी आणि कोणत्या जाळ्याने धरावा, हे मात्र सरकारी दफ्तरात ठरते. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचा मासेमारीचा कारभार राज्यांचा. गोव्याचा कायदा १९८०चा, महाराष्ट्राचा १९८१चा, कर्नाटकाचा १९८६चा. परवाने मत्स्यव्यवसाय विभाग देतो, गस्त तोच घालतो आणि उत्पादन वाढवण्याची जबाबदारीही त्याचीच. महाराष्ट्रात २०२१च्या दुरुस्तीने दंडाचा निवाडाही तहसीलदाराकडून याच विभागाच्या अधिकाऱ्याकडे आला. निकाल लवकर लागावा हा हेतू रास्त आहे. पण पकडणारा आणि न्याय करणारा एकाच खात्यातला असला, तर दंड भरणाऱ्याचा विश्वास बसणे कठीण. मच्छीमारांच्या बाजूने बोलणारी समिती कायद्यात आहे, पण ती सल्लागार. सल्ला का नाकारला, हे सांगण्याचे बंधन कोणावर नाही.

सारे एकाच खात्याच्या हाती असण्याची किंमत मालवणच्या किनाऱ्यावर दिसते. रापणकर किनाऱ्यावर उभे राहून जाळ्याचे दोर दोन्ही बाजूंनी ओढतात आणि किनाऱ्याला लागेल तेवढेच मासे त्यांच्या वाट्याला येतात. पर्ससीनवाला भर समुद्रात थवा हेरून त्याला वेढतो, तळाचा दोर आवळतो आणि सगळा थवा उचलतो. या दोघांतल्या संघर्षावर डॉ. सोमवंशी समितीचा अहवाल २०१२ साली आला. पर्ससीनवर निर्बंध घालणारा, परवाने टप्प्याटप्प्याने १८२वर आणायचा आदेश निघाला फेब्रुवारी २०१६मध्ये. मधल्या काळात मासे थांबले नाहीत, जाळीही थांबली नाहीत.

म्हणून सुचवायचे ते असे : सल्लागार समितीऐवजी राज्य मंडळ नेमून त्याला निर्णयाचा अधिकार द्यावा, त्यावर रापणकर, ट्रॉलरवाले, मासळी विकणाऱ्या बायका आणि शास्त्रज्ञ असावेत, शासनाने निर्णय फिरवला तर ठराविक मुदतीत लेखी कारण द्यावे, निवाडा खात्याबाहेरच्या माणसाकडे असावा. यावर कोणी म्हणेल, धंदेवाल्यांनाच मंडळावर बसवले तर कुंपणच शेत खाईल. भीती खरी आहे. पण आज हेच हितसंबंध मागच्या दाराने काम करतात. सदस्याने आपल्या नौका जाहीर कराव्यात आणि स्वतःच्या परवान्यावर मत देऊ नये, एवढा नियम केला तरी ते उजेडात येतील. दुसरा आक्षेप दिरंगाईचा. केवळ खात्यावर सोपवून चार वर्षे गेलीच ना? आणि असे काही करणे अशक्य नाही : केरळने २०१७च्या दुरुस्तीने गाव, जिल्हा आणि राज्य अशा तीन पातळ्यांवर मत्स्य व्यवस्थापन परिषदांची तरतूद केली. महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटकाने तेवढ्यावर न थांबता तिन्ही राज्यांची संयुक्त बैठकही कायद्यात आणावी. कारण कर्नाटकातल्या मालपेचा ट्रॉलर महाराष्ट्रातल्या सिंधुदुर्गात शिरला की भांडण दोन राज्यांचे होते, आणि आज ते मिटवायला एकही सामाईक व्यासपीठ या तिन्ही कायद्यांत नाही.