मुक्या सोबत्याचे दुःख
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी गिरणीतला माणूस. शाळा थोडी, वाचन झाले ते पाळी सुटल्यावर. आज एका लहान वाटणाऱ्या दुःखाबद्दल बोलणार आहे. घरातले पाळलेले जनावर मेले तर माणसाने काय करावे?

गेल्या पावसाळ्यात आपल्या वस्तीतल्या एका घरचा मोत्या कुत्रा गेला. घरातली पोरगी दोन दिवस जेवली नाही. येणारे-जाणारे म्हणत, "कुत्रंच होतं ना? माणूस गेल्यासारखं काय करता?" एक जण तर बोलला, "चवदार तळ्यावर कुत्र्या-मांजरांना पाणी होतं, आपल्याला नव्हतं. आपण कशाला कुत्र्यासाठी रडायचं?"

बांधवांनो, हे बोल अपमानाच्या आठवणीतून आलेले आहेत, म्हणून त्यांना उत्तर दिले पाहिजे. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेब त्या तळ्याचे पाणी प्याले, ते माणसाचा हक्क सांगण्यासाठी. आपल्याला पाणी नाकारले ते माणसांनी. कुत्र्याने कधी कुणाची जात विचारली नाही. आणि बाबासाहेबांना स्वतःला कुत्र्यांचा लळा होता. राजगृहातला १९३४ सालचा फोटो पाहा. बाबासाहेब, माता रमाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई, मुकुंदराव, आणि त्यांच्यात टॉबी कुत्रासुद्धा आहे! आपण रोज पंचशील म्हणतो. त्यातले पहिले शील प्राणिमात्रासाठी आहे, नुसते माणसासाठी नाही. मग मुक्या जिवासाठी डोळ्यांत पाणी आले, तर त्यात लाज कसली?

पण रडण्यातच बुडून राहायचे का? तर नाही. किसा गोतमीची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. मेलेले मूल घेऊन ती तथागतांकडे आली. तथागत तिला रागावले नाहीत, "रडू नकोस" असेही म्हणाले नाहीत. ज्या घरात कुणी मेले नाही, अशा घरच्या मोहऱ्या आणायला सांगितल्या. ती दारोदार फिरली, प्रत्येक घराचे दुःख तिने ऐकले, तेव्हा तिला समजले. दुःख एकट्याने उरात धरले की जड होते, चार घरांत बोलले की पेलवते. मोत्याच्या घरीही तसेच झाले. शेजारच्या दोन म्हाताऱ्या पोरीजवळ येऊन बसल्या. एकीने गावाकडच्या आपल्या गाईची, दुसरीने बोक्याची आठवण काढली. बोलता बोलता पोरगी भाकरी खाऊ लागली.

आता चार कामाच्या गोष्टी सांगतो.

लेकरांशी खोटे बोलू नका. "गावाला गेला" म्हटले तर पोर वाट बघत बसते. "म्हातारा झाला, शरीर थकले, मेला," असे सरळ सांगा. अनित्यता पोरांनाही कळते.

"घरावरचं संकट त्यानं अंगावर घेतलं" म्हणून उतारे-अंगारे करू नका. तो आपला धम्म नाही.

स्वतःला दोष देत बसू नका. "आधी दवाखान्यात नेलं असतं तर..." हा विचार रात्री फार छळतो. पण मुके जनावर दुखणे लपवते, आणि कुत्र्याचे आयुष्यच साधारण दहा-बारा वर्षांचे. हातात पैसा नव्हता म्हणून माया कमी होती असे नाही.

आणि रिकाम्या वेळेला काम द्या. पाळीवरून आल्यावर दारात शेपटी हलत नाही, तीच वेळ खायला उठते. त्या वेळी रस्त्यावरच्या जनावरांसाठी पाण्याचे भांडे भरून ठेवा. दुसरे पिल्लू आणायची घाई मात्र करू नका, पोरे आपणहून मागतील तेव्हा बघा. महिना उलटला तरी कुणाला झोप नाही, अन्न जात नाही, असे दिसले तर डॉक्टरला दाखवा. त्यात कमीपणा नाही.

ज्या समाजाचे दुःख शतकानुशतके कुणी मोजले नाही, त्याने दुसऱ्याचे दुःख लहान म्हणू नये. शेजारच्या घरी असे काही घडले तर हसू नका, घडीभर जाऊन बसा. मैत्री आणि करुणा वंदनेपुरती ठेवायची नसते, ती अशी शेजारी नेऊन द्यायची असते.