पावसाळा वगळून लिहिलेले अहवाल



पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या भवितव्याविषयी बोलायचे, तर सुरुवात रत्नागिरीच्या सड्यावरून केलेली बरी. एप्रिलमध्ये तिथे तापलेला काळा कातळ असतो आणि भेगांत वाळलेले गवत. आपल्या अहवालांत अशा जागेची नोंद ‘पडीक, खडकाळ जमीन’ अशी होते. पहिले पाऊस झाल्यावर तोच सडा पाहा. बोटभर मातीतून दीपकाडीची पांढरी फुले वर येतात. ही वनस्पती कोकणचीच. पुढे पाणथळ जागी सीतेची आसवे आणि गेंद फुलतात, डबक्यांत बेडूक अंडी घालतात. इथे मुरलेले पाणी खालच्या वाड्यांतल्या विहिरींना मिळते. उन्हाळ्यात गेलेल्याला यातले काहीच दिसत नाही.

पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेखालच्या बहुतेक प्रकल्पांना पावसाळा सोडून एका ऋतूची आधारभूत माहिती पुरते. त्यामागे कारण आहे. पावसात धूळ बसते, त्यामुळे हवा असते त्याहून स्वच्छ दिसते. हवेच्या मोजणीपुरते हे योग्यच. पण तोच ऋतू आपण जीवसृष्टीलाही लावला आणि पाण्यालाही. ज्या प्रदेशात वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो, तिथे तेच चार महिने आपण कागदावरून पुसून टाकले.

आणि आता तो पाऊसही पूर्वीचा राहिलेला नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २२ जुलै २०२१ ला चिपळूण वाशिष्ठीच्या पुरात बुडाले, त्याच दिवशी महाडजवळच्या तळियेवर दरड कोसळली. तरीही गटारे, भराव, राखेचे तलाव यांची गणिते आपण जुन्या नोंदींवर मांडतो. प्रकल्पामुळे परिसराचे काय होईल, एवढेच आपण विचारत आलो. बदलत्या हवामानात त्या प्रकल्पाचे काय होईल आणि तो फुटला, वाहिला, खचला तर खालच्या गावाचे काय, हा प्रश्न यापुढे प्रत्येक अहवालात असलाच पाहिजे. एकाच खाडीकाठी पाच प्रकल्प येत असतील, तर पाचांचा भार एकत्र मोजला पाहिजे.

अहवालाचे पैसे प्रकल्पप्रवर्तक देतो, हे दुखणे जुने आहे. सल्लागाराची नेमणूक आणि मानधन स्वतंत्र निधीतून झाल्याशिवाय लोकांचा विश्वास बसणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि जनसुनावणीला मराठीत केवळ सारांश नको, पूर्ण अहवाल हवा. ज्याची जमीन जाणार, त्याला शेकडो इंग्रजी पाने कशी वाचता येणार?

काम आधी आणि पर्यावरण मंजुरी मागाहून, ही वाट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये बंद केली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो निकाल दोन विरुद्ध एक अशा मताने मागे घेतला गेला. न्यायालयाचा मान राखून मी म्हणतो, डोंगर कापून झाल्यावर केलेल्या कामाला मूल्यांकन म्हणता येत नाही.

नियम बदलायला वेळ लागेल. पण पावसाळ्यात जागेवर जायला कोणत्याही नियमाची आडकाठी नाही. इथे जमलेल्या प्रत्येक सल्लागाराला आणि तज्ज्ञ समितीच्या प्रत्येक सदस्याला माझी कळकळीची विनंती आहे: कोकणातल्या आणि घाटातल्या ज्या जागेचा पावसाळा पाहिला गेलेला नाही, तिच्या अहवालावर सही करू नका.