हवा कुणाची?
(कार्यकर्ता बैठकीतील भाषण)



निवडणूक आली की आकाशवाणी-दूरदर्शनवर पक्षांची भाषणं लागतात. ही केंद्राची मेहेरबानी नाही. निवडणूक आयोगाच्या योजनेप्रमाणे हा वेळ फुकट द्यावाच लागतो. योजना १९९८ ची, २००३ साली तिला लोकप्रतिनिधित्व कायद्याचा आधार मिळाला. विधानसभेला प्रत्येक मान्यताप्राप्त पक्षाला ४५ मिनिटं, वर मागच्या मतांप्रमाणे जास्तीची. कोण कधी बोलणार, ते सोडतीनं ठरतं.

काही शहाणे म्हणत्यात, असा हुकूम करणं म्हणजे भाषणस्वातंत्र्यावर घाला. मी म्हणतो, नाही. १९९५ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर ते गायरान आहे. सातबाऱ्यावर सरकारचं नाव असलं म्हणून गायरान काही तहसीलदाराचं होत नाही. तसंच हवेचं. तिथं सगळ्यांना वाटा द्या म्हणणं ही जबरदस्ती नव्हे. ज्याच्याकडं पैसा, त्याचाच आवाज ऐकू येतो, ही खरी जबरदस्ती.

पण या वाट्यात दोन खोडी आहेत. पहिली, भाषण आधी लिहून दाखवावं लागतं आणि नाव घेऊन टीका चालत नाही. भडकावू बोलणं रोखलं तर समजू शकतो. पण गरिबाची जमीन कुणी दाबली, हे नाव न घेता कसं सांगायचं?

दुसरी, वेळ फक्त मान्यताप्राप्त पक्षांना. अपक्षाला नाही, संघटनेला नाही. पारध्यांच्या पालाला, भिल्लांच्या वस्तीला एक मिनिट नाही. २००६ पासून संस्थांना सामुदायिक रेडिओ काढायची परवानगी आली, पण त्यावर स्वतःच्या बातम्या आणि राजकारण बंद! म्हंजे गाणी म्हणा, पण हक्काचं बोलू नका.

त्याच २००६ च्या वनहक्क कायद्यानं दाव्याची पहिली तपासणी ग्रामसभेकडं दिली. जमिनीचा दावा तपासायला ग्रामसभा चालते, मग रेडिओवर बोलायला का चालत नाही? आपण ठराव करू: निवडणुकीच्या काळात ग्रामसभांनाही वेळ द्या.

तोवर एक काम करा. वस्तीवर एका जागी बसून प्रत्येक पक्षाचं भाषण ऐका. शिकलेल्या पोरापोरींनी वहीत लिहून घ्यावं: गायरानाच्या पट्ट्याबद्दल कोण काय बोललं, वनहक्काच्या दाव्याबद्दल कोण गप्प राहिलं. उमेदवार मतं मागायला आला की वही उघडा, चारचौघांत वाचून दाखवा आणि जाब विचारा. ते बोलणं कुणाला आधी दाखवून मंजूर करून घ्यावं लागत नाही.