मानेवरचा काळेपणा

दहा-बारा वर्षांचा, अंगाने भरलेला मुलगा आईसोबत दवाखान्यात येतो. आई म्हणते, "डॉक्टर, मान कितीही घासली तरी मळ निघत नाही." बेसन-हळद झालेली असते, लिंबू झालेलं असतं, वज्रीही झालेली असते. बोट फिरवलं की कातडी जाडसर, मखमलीसारखी लागते. काखेत, जांघेत आणि बोटांच्या पेरांवरही तोच काळेपणा. हा मळ नव्हे. याला अ‍ॅकॅन्थोसिस निग्रिकन्स म्हणतात. कृपा करून त्या मुलाला घासू नका.

शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं, की स्वादुपिंड ते जास्त जास्त सोडू लागतं. त्या जोरावर रक्तातली साखर कित्येक वर्षं ठीक दिसते. पण तेच वाढलेलं इन्सुलिन त्वचेच्या पेशींना भराभर वाढायला लावतं. म्हणजे साखर वाढण्याआधीच मान बोलते.

"आमचा काही फार जाडा नाही," असं पालक म्हणतात. इथे पुण्यातलंच काम आठवावं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. आपली बाळं जन्मतः सरासरी 2.7 किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा पुष्कळ हलकी. तरी अंगावर मांस कमी आणि चरबी टिकून. 2004 मध्ये त्यांनी स्वतःचा आणि लंडनच्या जॉन यडकिन यांचा फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, 22.3, शरीरातली चरबी मात्र यडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2! म्हणून मी वजनकाट्याइतकाच टेपवर विश्वास ठेवतो. कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त भरला, तर सावध व्हायचं.

2016-18 च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शाळकरी वयाच्या दर दहा मुलांमागे सुमारे एक मूल मधुमेहाच्या उंबरठ्यावर आढळलं. म्हणून गोडाला आवर घालायला हवा. लोणावळ्याची चिक्की गुळाची असली, तरी गूळही साखरच. ती पाहुण्यांना द्यावी. मुलाच्या डब्यात रोज नको. शीतपेय तर घरात आणूच नये.

मेडिकलमधून गोरेपणाचं स्टेरॉईड मलम आणू नका. त्याने कातडी पातळ होते आणि मूळ दुखणं झाकलं जातं. उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी, रक्तातली चरबी, यकृताची एसजीपीटी आणि रक्तदाब तपासून घ्या. मुलीची पाळी अनियमित असेल तर तेही सांगा. वजन वाढतंय पण उंची थांबलीय, असं असेल तर हार्मोनच्या डॉक्टरांना दाखवाच. रोज तासभर घाम येईल असा खेळ, पोटभर भाजी-उसळ, पुरेशी झोप, आणि हे सगळं घरातल्या प्रत्येकाला लागू. इन्सुलिन उतरलं की काही महिन्यांत मान उजळू लागते.

शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, तेव्हा शिक्षकांनी अशी मुलं त्यांना आवर्जून दाखवावीत. पण चारचौघांत 'जाड्या' म्हणून हाक न मारता, बाजूला घेऊन.