चालते आहे, पण...
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाची खजिनदार म्हणून एक साधीच गोष्ट आपणांपुढे मांडते. आपल्या धंतोलीच्या कचेरीतला संगणक विंडोज १० वर चालत होता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या प्रणालीचा नेहमीचा आधार संपला. यंत्र काही त्या दिवशी बंद पडले नाही. पण चोरांना नवी फट सापडली, तर ती बुजविणारे कोणी उरले नाही. वाढीव दुरुस्त्या मिळतात, पण मुदतीपुरत्याच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. ती आपल्या जुन्या यंत्रात नाही.

“चालते आहे ना, मग खर्च कशाला?” असे मीही म्हणत असे. पण त्यात आपल्या भिशीचा हिशेब आहे. धुणीभांडी करून साठविलेली भगिनींची पै-पै आहे.

म्हणून आधी सर्व नोंदी दोन ठिकाणी उतरविल्या. जुन्या फाँटातला मराठी मजकूर नव्या प्रणालीत वाचता येईना, तो युनिकोडमध्ये करून घेतला. मगच त्याच यंत्रावर, विनामूल्य मिळणारी लिनक्स प्रणाली बसविली.

दुसऱ्याचे धन सांभाळणारीने ‘चालते आहे’ एवढ्यावर स्वस्थ बसू नये, इतके सांगून आपली रजा घेते.