सायकलशर्यतीची तयारी

ज्या अमरावतीत 1914 साली स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने व्यायामाला शास्त्राची बैठक दिली, तेथील सायकलपटूने केवळ किलोमीटर मोजून समाधान मानू नये. अकोला रस्त्याच्या सपाटीवर, सोबत्याशी बोलता येईल इतक्याच श्वासाने, दोन-तीन तास पायडल मारून दम वाढवावा; आठवड्यातून दोनदा चार मिनिटे भरवेग आणि तितकीच उसंत अशी आवर्तने करावीत; आणि सुमारे 1,100 मीटर उंचीवरील चिखलदऱ्याचा घाट सीटवर बसूनच, हलक्या गिअरवर चढावा. वैशाखात तांबडे फुटताच निघावे, मीठसाखरेचे पाणी घोटघोट प्यावे, आणि विश्रांतीचा दिवसही रोजनिशीत निष्ठेने नोंदवावा. कारण श्रमात खर्ची पडलेले बळ शरीर विसाव्यातच व्याजासह जमा करते.