फिरत्या घराची वीज

अमेरिकेत गाडीमागे जोडून नेतात त्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये विजेचे दोन वेगळे संसार असतात. दिवे आणि पाण्याचा पंप १२ व्होल्टच्या बॅटरीवर. एसी, मायक्रोवेव्ह बाहेरून घेतलेल्या १२० व्होल्टवर. खरी काळजी घ्यायची ती बॅटरीची. साधी शिसे-आम्लाची बॅटरी काही न चालवता १२.१ व्होल्ट दाखवू लागली, की निम्मी संपली समजा. त्याखाली वारंवार उतरवलीत तर ती लवकर निकामी होते. टर्मिनलवर पांढरट-हिरवा थर चढला असेल, तर आधी ऋण तार सोडवा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात ब्रश बुडवून घासा; ते पाणी बॅटरीच्या आत मात्र थेंबभरही जाता कामा नये. लिथियम बॅटरी बसवणार असाल तर जुना कन्व्हर्टर, म्हणजे बाहेरच्या १२० व्होल्टवरून बॅटरी चार्ज करणारं उपकरण, आधी तपासा. तो बहुधा १३.६ व्होल्टच देतो, लिथियमला १४.४ च्या आसपास लागतात. शिवाय शून्य अंशाखालच्या थंडीत ती चार्ज करू नका, आतले सेल कायमचे बिघडतात.